आधी सांगा, मग डबा उघडा

आमच्या सरांनी आयुष्यात एकही डबा सरळ उघडला नाही. डब्यासमोर उभं राहून ते आधी मोठ्यानं सांगायचे: डब्याचं नाव काय, तो कुठल्या फळीवर आहे, आधीपासून आहे की नवा करायचाय, काम झाल्यावर त्याचं काय करायचं आणि काम मध्येच बोंबललं तर काय करायचं. एवढं झालं की मग झाकण निघायचं. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा हा सगळा सोहळा मूठभर शेंगदाण्यांसाठी चालला होता. मी चपला पायात सरकवून पळायच्या बेतात होतो. तेवढ्यात सरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही पुढे काकू म्हणायला लागलो, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बस बाबू, घाबरू नोको. त्याइचं सांगनं झालं का भेटतीन शेंगदाने."

मी घाबरलो नव्हतो, असं पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे चांगलाच टरकलो होतो, कारण याच माणसाकडे मला कॉम्प्युटर शिकायला घातलं होतं.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. मी देऊळघाटचा. मोठा हुशार म्हणून गावात गाजलेला, आणि ती हवा डोक्यात घेऊन कॉलेजात सायन्सला गेलो तो असा काही आपटलो की आवाज देऊळघाटपर्यंत ऐकू गेला. मग चिखलीच्या मामानं मला ताब्यात घेतलं. मामाला माझ्या भवितव्याची काळजी होती असं मी समजत होतो. मामी म्हणायची, पोरगं दुपारचं घरात नको, सारखं खातं. दोघांच्या गरजा जुळल्या आणि मी कॉम्प्युटर वर्गात दाखल झालो.

हा वर्ग बाजारात हाजीसाहेबांच्या सरकीच्या गोदामावर, वरच्या खोलीत भरायचा. बाहेर पाटी होती, आत फळा होता, बाकं होती. कॉम्प्युटर तेवढा नव्हता. तो सगळ्या जिल्ह्यातच नव्हता. सर मुंबईला एका मोठ्या कचेरीत बरीच वर्षं मशीनवर होते, तिथली नोकरी सोडून ते गावी परत आले आणि येताना मशीन सोडून बाकी सगळं डोक्यात घेऊन आले. हातात म्हणाल तर त्यांनी कोऱ्या कार्डांचं एक खोकं आणलं होतं. एक कोपरा कापलेली ती जाड पिवळसर कार्डं ते कशालाही वापरायचे. भाजीची यादी कार्डावर, औषधाच्या वेळा कार्डावर, आणि आम्हाला घातलेल्या शिव्यासुद्धा कार्डावर. त्यांना रागात बोलता यायचं नाही. ते कार्ड लिहून हातात द्यायचे आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे. माझ्याकडे अशी कार्डं पुष्कळ जमली होती. वर्गात कुणाकडेच तेवढी नव्हती आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

सर शिकवायचे ते मुळात एकच गोष्ट. मोठं मशीन स्वतः होऊन कुठल्याही फाइलीला हात लावत नाही. प्रोग्रॅमला फक्त एवढंच ठाऊक असतं की आपल्याला काहीतरी आत घ्यायचंय आणि काहीतरी बाहेर टाकायचंय. आत कुठली फाइल घ्यायची, बाहेर कुठली करायची, हे प्रत्येक फाइलीमागे एक वेगळं कार्ड लावून आपण आधी सांगायचं. त्या कार्डाला सर डीडी म्हणायचे. डीडीवर फाइलीचं नाव, तिचं ठिकाण आणि तीन उत्तरं. पहिलं, फाइल आधीपासून आहे की नवी करायची? आहे तर 'ओल्ड', करायची तर 'न्यू'. दुसरं, काम नीट झालं तर तिचं काय? ठेवायची की टाकायची? आणि तिसरं, काम मेलं तर तिचं काय?

"तिसरं उत्तर कोणी देत नाही," सर म्हणायचे. "लग्नाच्या पत्रिकेत बघा, पहिली दोन असतात. तिसरं नसतं."

हे ते लग्नाच्या मांडवात, नवरदेवाच्या वडलांना म्हणाले होते. तेव्हापासून त्यांना पत्रिका येत, पण कुणी आग्रह करत नसे.

मशीन नसताना हे शिकवायचं कसं, यावर सरांनी शोधून काढलेली तोड अशी, की आम्हीच मशीन व्हायचं. एकानं कार्डं वाचायची, तो कार्ड रीडर. एकानं आकडेमोड करायची. भिंतीला लागून एक फळी होती, तिच्यावर तुपाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले. त्या आमच्या फाइली. सर स्वतः मध्ये स्टुलावर बसायचे. ते ऑपरेटिंग सिस्टीम. कार्डावर सांगितल्याशिवाय कुणी डब्याकडे नुसतं पाहिलं तरी सर हात वर करून "जॉब मेला" म्हणायचे, म्हणजे मशीनला दिलेलं काम फसलं, आणि मग सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची.

मी प्रिंटर होतो, आलेलं उत्तर मोठ्यानं म्हणून दाखवणारा. मला वाटलं होतं, हुशारीकडे बघून सर मला आकडेमोडीवर घेतील. डोणगावचा एक गप्प बसणारा पोरगा होता, त्याला त्यांनी तिथे बसवलं. मला म्हणाले, "तुझा आवाज चांगला आहे आणि समोर येईल ते तू विचार न करता म्हणतोस. प्रिंटरला आणखी काही लागत नाही." मी ही स्तुती समजून घरी जाऊन मामीला सांगितली. मामी म्हणाली, "बरोबर वळखलं मास्तरनं."

डबे आधी असे कायमचे फळीवर नसत. सुरुवातीला सरांचा नियम फार कडक होता. आत घ्यायची फाइल फळीवर असेल, पण बाहेर जी फाइल करायची ती नवी, म्हणजे 'न्यू' म्हटल्यावर डबा अस्तित्वातच नसला पाहिजे. तो ज्यानं त्यानं त्या क्षणी घरून आणायचा. झालं असं की चिखलीतल्या आयांचे डबे नाहीसे व्हायला लागले. कुणाचा पापडाचा गेला, कुणाचा शेवयांचा. सरांनी स्वतः काकूंची लोणच्याची बरणी रिकामी करून वर्गात आणली. लोणचं त्यांनी परातीत काढून ठेवलं होतं आणि वर कार्ड लावलं होतं: तात्पुरती फाइल. त्या संध्याकाळी काकू काय बोलल्या ते सरांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या फाइलीचे डबेसुद्धा फळीवर कायमचे आले. डबा समोर दिसत असताना 'न्यू' कसं म्हणायचं? तर आम्ही 'ओल्ड' म्हणायला लागलो. सरही स्टुलावरून फळीकडे बघून म्हणायचे, "आहे. चालू द्या." फक्त वर्गापुरतं, असं त्यांनी तेव्हा बजावलं होतं. पण वर्गापुरतं म्हणून सुरू झालेलं ते तीन-चार वर्षं चाललं.

सरांच्या डोक्यातला हा कारखाना वर्ग सुटला तरी बंद होत नसे. वाचनालयात ते पेपर उचलताना म्हणायचे, "शेअर घेतलाय." म्हणजे मी वाचतोय पण तुम्हीही वाचू शकता. मग समोरच्यानं खुशाल मागची बाजू वाचावी, सर पान उलटत नसत. एकदा एका वकिलानं मागची बाजू वाचायला इतका वेळ घेतला की सर अर्धा तास एकच जाहिरात वाचत बसले. मशीनच्या जगात आणखी एक 'डमी' नावाची फाइल असते. तिच्यात लिहिलेलं कुठेच जात नाही, नुसतं लिहिल्याचं समाधान. नगरपालिकेच्या दारात तक्रारींची पेटी लागली तेव्हा सरांनी तिच्याकडे बोट दाखवून आम्हाला डमी समजावून सांगितली. मी वर्गात जरा लांबलचक बोलायला लागलो की ते म्हणायचे, "हे डमीवर पाठव."

पिठाच्या गिरणीतला प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. लोक ज्वारीचा डबा घेऊन जातात, ज्वारी वर ओततात आणि तोच डबा खाली लावतात. सर दोन डबे घेऊन जायचे. एकावर कार्ड 'आत', दुसऱ्यावर 'बाहेर'. आणि ज्वारी एकदम ओतू द्यायचे नाहीत. थोडी थोडी. गिरणीवाला वैतागायचा. सर त्याला समजावायचे की एकाच फाइलीतून वाचायचं आणि तिच्यातच लिहायचं म्हणजे मध्ये वीज गेली तर धड ज्वारी नाही, धड पीठ नाही. एकदा खरोखरच मध्ये वीज गेली. बाकीचे लोक गिरणीच्या पोटात काय अडकलं यावरून भांडत बसले. सर अर्धा डबा ज्वारी आणि अर्धा डबा पीठ घेऊन ताठ मानेनं घरी आले. डबे मी उचलले होते, ते सांगायचं राहिलं.

"दोन्ही फाइली शाबूत आहेत," सर काकूंना म्हणाले.

"हाव," काकू म्हणाल्या, "आन चार पाव्हने वट्यावर बसून हायेत. अर्ध्याइले भाकर देतो, अर्ध्याइले ज्वारी."

गावात सरांबद्दल काय बोलत ते मला ठाऊक होतं. मुंबईत डोकं फिरलं म्हणून काढून टाकलं, हे एक. दुसरं जरा वाईट होतं. बाजारातल्या एका माणसानं मुंबईहून आल्यावर सांगितलं होतं की त्या कचेरीत मास्तर लिफ्ट चालवत होते, मशीन-बिशीन काही नाही, येता-जाता साहेब लोकांचं बोलणं ऐकून पाठ केलंय. खोलीत मशीन नाही, हातात कोऱ्या कार्डांपलीकडे मशीनचं काही नाही, म्हटल्यावर लोकांना हे पटायला वेळ लागला नाही.

ते काकूंच्याही कानावर गेलं होतं, हे मला उशिरा कळलं. सर मुंबईला असताना काकू सगळी वर्षं चिखलीत सासू-सासऱ्यांजवळ होत्या. मशीन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एका दुपारी मी सरांकडे खडू न्यायला गेलो होतो. सर घरात नव्हते. काकू तूर निवडत होत्या. मान खाली घालूनच त्या म्हणाल्या, "खरं सांग बाबू. तुह्या सरानं मशीन पाह्यलं असन का कधी?"

मी म्हणालो, "काकू, म्हणजे काय! एवढं सगळं शिकवतात."

"शिकवतात ते डब्यावर. लोक म्हनतात लिफ्ट चालवत होते. चालवली असन त चालवली, कष्टाचंच काम हाय, मले त्याची लाज नाई. पन इतकी वर्सं पत्रात मले मशीन मशीन लिहत होते. माह्यासंग खोटं काऊन बोलतीन?" मग सूप आपटून म्हणाल्या, "इचारू नोको त्याइले. मीबी नाई इचारलं."

प्रिंटर असूनही मला तेव्हा काही बोलता आलं नाही. मी खडू न घेताच परत गेलो आणि सरांच्या शिव्यांचं एक कार्ड खाल्लं.

त्याच हंगामात हाजीसाहेब वर आले. भला माणूस. खोली त्यांनी सरांना भाडं न घेता दिली होती, वर्षानुवर्षं. पण त्या वर्षी सरकी फार आली होती, आणि त्यांचा पुतण्या वर्गात होता, तो काय शिकतोय हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

"मास्टर," ते म्हणाले, "मी अनपढ मानूस. पन पोट्टा घरी येऊन डब्याशी बोलून राह्यला. त्याची माय रडते. मशीन हाय का नाई, एकदा कायतरी दाखवा ना मले. मशीनचा एखादा कागद आना. खोली तुमची, जिंदगीभर. नाईतर मंग सरकीले जागा लागते, माफ करजा."

 सरांनी खिशातून कार्ड काढलं, लिहायला घेतलं, आणि मग परत खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नागपूरला पत्र टाकलं. मुंबईच्या कचेरीतले त्यांचे एक जुने सोबती आता नागपुरात एका मशीनवर साहेब होते. उत्तर आलं: या, मधल्या वेळेत एक जॉब लावू देतो. एकच.

वर्गात उत्साहाला नुसतं उधाण आलं. जॉब साधा होता. वर्गातल्या सगळ्या पोरांची नावं आणि गावं कार्डांवर आत द्यायची, मशीननं ती एबीसीडीच्या क्रमानं लावायची, एका नव्या फाइलीत ठेवायची आणि छापायची. सरांनी डीडी स्वतः लिहिले. ते आम्ही सगळ्यांनी तपासले. मी तर दोनदा तपासले, भुवया आवळून, ज्येष्ठ माणसासारखी मान हलवून. मला त्यात एकही चूक सापडली नाही, यावरून तो जॉब किती निर्दोष होता याची मला खात्री पटली. नागपूरला बरोबर कुणाला न्यायचं हे ठरलेलंच होतं. सामान पुष्कळ होतं.

अकोल्यापर्यंत एस.टी. आणि पुढे रेल्वे.  सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो चुरगळू नये म्हणून ते पाठ न टेकता बसले होते. नागपूरच्या त्या कचेरीत मशीनच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागल्या. आत थंडगार. समोर माझ्या उंचीचं, निळसर रंगाचं, गंभीर आवाजात घुमणारं एक कपाट होतं. मी भारावलो. हात जोडून मी त्याला नमस्कार केला. आमच्या लिहिलेल्या कार्डांना मशीनसाठी आधीच भोकं पाडून देणारी तिथली बाई म्हणाली, "तो एअरकंडिशनर आहे. कॉम्प्युटर तुमच्या मागे आहे."

सरांनी मात्र आत पाऊल टाकल्याबरोबर न विचारता एका कोपऱ्यातलं झाकण उचललं, कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन टेबलावर दोनदा ठोकला, कडा एकसारख्या केल्या आणि रीडरमध्ये ठेवला. इतक्या सहज, की मी पाहतच राहिलो. चिखलीत रस्ता ओलांडताना दोन्हीकडे चारदा बघणारा माणूस तो. लिफ्टमधून येता-जाता असले हात होत नाहीत, एवढं माझ्यासारख्या बिनडोकालाही तिथे कळलं. 

कार्डं फर्रर्रकन गेली. आम्ही चहाचे पेले उचलतो न उचलतो तोच प्रिंटर खडखडला आणि थांबला. कागद फार थोडे आले होते. साहेबांनी ते फाडून घेतले, वाचले आणि सरांकडे बघितलं.

"तू लिहिलंस हे?" ते हळूच म्हणाले. "बाहेरच्या फाइलीला ओल्ड? तू?"

सरांनी कागद घेतला. मशीननं लिहिलं होतं की तुम्ही म्हणता ती फाइल इथे कुठेच नाही, म्हणून जॉब चालवला नाही. आम्ही नवी फाइल करायला निघालो होतो आणि कार्डावर लिहिलं होतं, ती आहे. कारण आमच्या फळीवर ती होती. गेली कित्येक वर्षं होती.

"डबा तिथेच असायचा रे," सर म्हणाले.

"कसला डबा?" साहेबांनी विचारलं.

सरांनी कागदाची घडी घातली. साहेब चांगले होते. ते म्हणाले, एक कार्ड बदलायचं, मिनिटाचं काम. पण तेवढ्यात कचेरीचं काम लागलं, ते रात्रभर चालणार होतं, आणि दुसऱ्या दिवशी वरचे साहेब येणार होते. आम्ही आमचे फसलेल्या जॉबचे कागद घेऊन बाहेर पडलो. माझ्या चपला चोरीला गेल्या होत्या, पण ही काही ते सांगायची वेळ नव्हती.

परतीच्या गाडीत मीच तोंड उघडलं. म्हणालो, "सर, कागद इंग्रजीत आहे. हाजीसाहेबांना काय कळतंय? नुसता दाखवायचा. केवढा रुबाबदार दिसतो! जॉब झाला म्हणून सांगू."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता कार्ड येणार. पण ते तोंडानं बोलले, आणि पहिल्यांदाच माझ्याशी गावाकडच्या बोलीत बोलले. "बे, मी लिफ्ट चालवत होतो म्हनतात लोक. मले मालूम हाय. तुह्या काकूलेबी मालूम हाय. ते खोटं हाय हे सांगाले मी आता दुसरं खोटं सांगू?"

अकोल्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर काळोख होता, पण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खोलीत हाजीसाहेब आले, काही पोरांचे बाप आले, बाजारातले दोन-चार बघे आले. काकूही आल्या. त्या जिना चढून वर कधीच आल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या दाराजवळच उभ्या राहिल्या. सरांनी कागद टेबलावर पसरला. कडेला भोकं असलेला, घडीवर घडी उलगडत जाणारा असा कागद चिखलीत कुणी पाहिला नव्हता. लोक पुढे सरकले.

"हा मशीनचा कागद," सर म्हणाले. "यात लिहिलंय की जॉब चालला नाही. मी एक फाइल आहे म्हणून सांगितली, ती नव्हती. चूक माझी आहे. पोरांना मी तीन-चार वर्षं ते चुकीचं शिकवलं. हाजीसाहेब, खोली उद्या रिकामी करतो."

 मी खाली मान घालून माझ्या नव्या चपलांकडे बघत होतो. त्या मामाच्या होत्या. आता सगळं संपलं, असं मला वाटलं. आणि मला रडू आलं, हे सांगायला काही हरकत नाही.

हाजीसाहेबांनी कागदावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ठैरा मास्टर. हे मशीननं लिहलं?"

"हो."

"तुमी चुकले म्हनून?"

"हो."

"तुमी सांगतलं नाई त्याले का मी चुकलो?"

"मला ठाऊकच नव्हतं चुकलो ते."

हाजीसाहेब बघ्यांकडे वळले. "पाह्यलं? आपल्या सगळ्या चिखलीत मास्टरची गलती काढनारा एक मानूस हाय का? हे पोट्टे त हाव म्हनतात, मले त समजतच नाई. मशीननं काढली! मंग मशीन नाई कसं?" मग सरांना म्हणाले, "अन् मानूस कागद घेऊन स्वतःच सांगते का मी फेल झालो. असा मानूस बाकीचं खोटं सांगन का? खोली राहू द्या. सरकी मी ठेवतो कुठंतरी."

बघे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

काकू आता टेबलाजवळ आल्या होत्या. सगळ्यांचं लक्ष शेवटच्या पानावर होतं, त्या पहिलं पान बघत होत्या. त्या पानावर बाकी काही नव्हतं. आठ इंग्रजी अक्षरं, वीतभर उंच, प्रत्येक अक्षर बारक्या अक्षरांनी भरून काढलेलं.

"हे काय हाय बाबू, एवढं मोठं?" त्यांनी मला विचारलं.

मी वाचलं. मशीनवर प्रत्येक जॉबला एक नाव द्यावं लागतं, फार तर आठ अक्षरांचं. प्रिंटर ते पहिल्या पानावर मोठं करून छापतो, कोणता कागद कुणाचा ते कळावं म्हणून. कार्डं तपासताना मी ते नाव पाहिलं होतं आणि त्यात काही चूक नाही म्हणून पुढे गेलो होतो. ते नाव काकूंचं आहे हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. आम्ही त्यांना काकूच म्हणायचो.

"कौसल्या लिहिलंय, काकू."

त्यांनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. "माहं नाव? मशीनमंधी?" मग सरांकडे वळून म्हणाल्या, "आन मुंबईले?"

"तिथेही," सर म्हणाले. चष्मा अजून हातातच होता. "माझे सगळे जॉब याच नावानं जायचे. तिथे सगळ्यांना पाठ होतं."

काकूंनी बोट एकेका अक्षरावरून शेवटपर्यंत नेलं. मग एकदम म्हणाल्या, "पन हे त फेल झालं म्हनता ना? फेल झालेल्या कागदावर माहं नाव?"

"टाकलं तेव्हा पास होईल असं वाटलं होतं," सर म्हणाले.

खोलीत हशा पिकला. काकूंनी तो कागद घडीवर घडी घालून गोळा केला, कुणाला न विचारता काखेत मारला आणि डोळ्याला पदर लावत जिना उतरून गेल्या. घराकडे जायला मागची बोळ जवळची होती. पण त्या बाजारातून निघाल्या. सर आणि मी खिडकीशी जाऊन उभे राहिलो. काकू पहिल्याच दुकानासमोर थांबल्या, त्यांनी पहिलं पान उलगडलं आणि दुकानदाराच्या तोंडासमोर धरलं. काय बोलत होत्या ते वर ऐकू येत नव्हतं, पण हात चांगलाच हलत होता. तिथून त्या पुढच्या दुकानावर गेल्या.

मी सवयीनं, दिसलं ते विचार न करता बोलून गेलो. "सर, काकूंनी कागद उलटा धरलाय."

"राहू दे," सर म्हणाले.